साखर मोजली, काळीज राहिलं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या मानखुर्दमध्ये 'शुगर' हा शब्द आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. महाराष्ट्रनगर असो, लल्लूभाई कंपाउंडच्या इमारती असोत की मंडाळ्याच्या गल्ल्या, दोन माणसं भेटली की तब्येतीची चौकशी याच शब्दापासून सुरू होते. "काय चाचा, शुगर किती आली?" "एकशे चाळीस." "अरे वा, कंट्रोलमध्ये आहे!" एवढं झालं की विषय संपला. नाक्यावर एखाद्या मंडळाचं तपासणी शिबिर लागतं, तिथेही टेबलावर बोटाला टोचायचं यंत्र असतं. लोक रांग लावतात, आकडा कागदावर लिहून घेतात आणि घरी जातात. त्याच टेबलावर रक्तदाब मोजायचा पट्टा पडलेला असतो. त्याच्याकडे रांगेतल्या निम्म्या लोकांचं लक्षही नसतं.

मुंबई महापालिकेनं जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानं २०२१ मध्ये शहरातल्या १८ ते ६९ वयाच्या लोकांची पाहणी केली. तिच्यात साधारण पाचांतल्या एकाच्या रक्तात साखर जास्त निघाली आणि तिघांतल्या एकाला रक्तदाब. देशाचा आकडा त्याहून दडपून टाकणारा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा जो मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार आपल्याकडे १० कोटी १० लाख माणसांना मधुमेह आहे. यांतली बहुतेक सगळी माणसं ज्याला टाइप टू म्हणतात त्या मधुमेहाची. या आजाराची भीती आपण कुठे ठेवली आहे? पायाच्या जखमेत, डोळ्यांत, फार तर किडनीत. पण या माणसांचा जीव सर्वांत जास्त वेळा जातो तो हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या विकारानं. मधुमेह नसलेल्या माणसाच्या तुलनेत हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. ही गोष्ट आमच्या वस्तीत मी कुणाला सांगितली की समोरचा म्हणतो, "पण माझी शुगर तर बरोबर आहे!"

मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. कवितेत हृदय, दिल, काळीज हे शब्द आम्ही इतके वापरलेत की त्यांची धार गेली. देवनारचा कत्तलखाना आमच्या शेजारी. इथला खाटीक मात्र या बाबतीत कवीपेक्षा पक्का. तुम्ही काळीज मागितलंत तर तो कलेजी देईल, म्हणजे यकृत. दिल वेगळं, ते छोटं, घट्ट, नुसत्या स्नायूचं. माणसाचं हृदयही तसंच, आपल्याच मुठीएवढं. सगळ्या शरीराला रक्त पुरवणारा हा स्नायू आपल्या पोटात भरलेल्या रक्तावर जगत नाही, हे मला फार उशिरा कळलं. त्याला स्वतःचं रक्त लागतं आणि ते बाहेरून गुंडाळलेल्या दोन बारीक धमन्यांतून येतं. मुकुटासारख्या त्या हृदयावर बसलेल्या असतात म्हणून त्यांना कोरोनरी म्हणतात. गोष्ट सगळी त्या दोन धमन्यांची आणि त्यांच्या फांद्यांची आहे.

त्या धमन्यांना आतून एक अतिशय नाजूक अस्तर असतं. ते गुळगुळीत असतं तोवर रक्त बिनबोभाट वाहतं. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की हे अस्तर खराब होतं. पण एकटी साखर हे काम करत नाही. टाइप टू मधुमेहाच्या मुळाशी शरीर इन्सुलिनला दाद देत नाही ही अडचण असते. तिच्यासोबत रक्तदाब वाढतो, रक्तातली चरबी बिघडते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, खराब झालेल्या अस्तरातून आत शिरतं. तिथे थर साचतो. बरीच वर्षं तो काही करत नाही. मग एखाद्या दिवशी थराचं वरचं पातळ कवच फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि धमनी बंद. त्या धमनीवर जगणारा हृदयाचा तुकडा मरायला लागतो. लक्षात घ्या, ज्या माणसाची साखर आज सकाळी एकशे दहा आहे त्याच्या धमनीतसुद्धा हे घडू शकतं, कारण थर साचायला मधुमेह कळण्याच्या आधीपासून सुरुवात झालेली असते.

दुसरी गोष्ट याहून लबाड आहे. मधुमेह नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर घाव घालतो. पायाला मुंग्या येतात, चप्पल निसटलेली कळत नाही, हे आपल्याला माहीत असतं. तशाच नसा हृदयाकडेही जातात. त्या बधिर झाल्या की झटका येतो आणि छातीत दुखतच नाही. सिनेमात माणूस छाती धरून कोसळतो, तसं होत नाही. दरदरून घाम येतो, मळमळतं, दम लागतो, जबडा किंवा पोटाचा वरचा भाग जड होतो, विनाकारण गळून गेल्यासारखं वाटतं. बायकांमध्ये अशी आडवळणाची लक्षणं अधिक दिसतात. आणि आपल्याकडे या सगळ्याला एकच नाव आहे : गॅस.

माझे थोरले भाऊ असेच गेले. त्यांना आम्ही भाईजान म्हणायचो. गोदीत हिशेबनीस होते, त्यामुळे आकड्यांचा सोस. एक लाल वही होती, तिच्यात दर शुक्रवारी उपाशीपोटीची साखर लिहायची. शेवटच्या दोन वर्षांत एकही आकडा १४० च्या वर नव्हता. रक्तदाबाची गोळी त्यांनी स्वतःच बंद केली होती, "डोकं दुखत नाही, मग गोळी कशाला?" म्हणून. कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली होती, ती त्यांनी महिनाभर घेतली आणि कुणीतरी "त्यानं लिव्हर खराब होतं" म्हटल्यावर सोडली. एका संध्याकाळी त्यांना घाम फुटला, पोट वर आल्यासारखं वाटलं. सोडा प्यायले, ओवा चघळला, पंख्याखाली पडून राहिले. पहाटे दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कागदाची पट्टी बघून सांगितलं की झटका आदल्या संध्याकाळीच येऊन गेलाय. आणि त्याच्याही आधी कधीतरी एक येऊन गेला असावा, त्याची खूण पट्टीवर आहे. तो आधीचा झटका कधी आला हे घरात कुणालाच सांगता येईना. भाईजान त्यानंतर चार दिवस होते. वहीत त्याची नोंद असायचं कारणच नव्हतं, वहीत साखर होती.

हृदयाचा तिसरा बिघाड झटक्यासारखा अचानक येत नाही. मधुमेहात हृदयाचा स्नायू हळूहळू ताठर किंवा अशक्त होत जातो. जिना चढताना धाप लागते, रात्री उशाला दोन उश्या लागतात, संध्याकाळी घोट्याशी सूज येते, बोटानं दाबलं तर खळगा पडतो. लोक म्हणतात, वय झालं. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ पासून पिढ्यान् पिढ्या लोकांच्या हृदयाचा हिशेब ठेवला गेला. त्यांनी १९७४ मध्ये सांगितलं की मधुमेह असलेल्या पुरुषांत हृदय असं थकण्याचं प्रमाण दुपटीहून अधिक आणि बायकांत पाचपट आहे. पाळी जाईपर्यंत बाईला हृदयविकारापासून निसर्गाचं थोडं संरक्षण असतं, असं आपण ऐकतो. मधुमेह ते संरक्षण बरंचसं काढून घेतो. आमच्या वस्तीत घरातल्या पुरुषाची तपासणी आधी होते, बाईची 'पुढच्या महिन्यात'. तिच्या सुजलेल्या पायांचं कारण उभ्यानं केलेल्या कामात शोधलं जातं.

मग यायचा नेहमीचा प्रश्न : पण हा तर जाड माणसांचा आजार ना? मानखुर्दला पाठीवर गोणी वाहणारे, कचरा वेचणारे, हातगाडी ओढणारे सडपातळ लोक आहेत, त्यांना कशी साखर? याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच, पुण्याच्या केईएम रुग्णालयात सापडलं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. बाळं लहान, स्नायू कमी, पण चरबी त्या मानानं राखलेली. त्यांनी याला 'बारीक पण चरबीदार' भारतीय म्हटलं. मग २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत एक छायाचित्र छापलं. दोघे डॉक्टर शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. मला हा फोटो फार आवडतो. स्वतःचं शरीर पुरावा म्हणून मांडणारा शास्त्रज्ञ एरवी कुठे भेटतो? आपली चरबी पोटाच्या आत, यकृताभोवती दडते. म्हणून आपल्यासाठी वजनकाट्याहून शिंप्याची टेप बरी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत, असं आपल्याकडचे डॉक्टर सांगतात. आणि उशीर करायला आपल्याला सवडही कमी. बावन्न देशांत झालेल्या एका पाहणीत पहिला झटका येण्याचं वय दक्षिण आशियातल्या लोकांत साधारण ५३ निघालं, इतरांत ५९ च्या आसपास.

आता मुख्य मुद्दा. साखर खाली आणली की हृदय आपोआप वाचेल, असं डॉक्टरांनाही एकेकाळी वाटायचं. इंग्लंडमध्ये १९७७ साली मोठा अभ्यास सुरू झाला आणि १९९८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. साखर नीट ठेवल्यानं डोळे आणि किडनीचं नुकसान चांगलंच कमी झालं. हृदयाच्या झटक्यांत मात्र घट इतकी माफक होती की खात्रीनं काही म्हणता येईना. दहा वर्षांनी त्याच लोकांकडे पुन्हा पाहिलं तेव्हा फायदा दिसला, म्हणजे सुरुवातीच्या काळात साखर राखली तर तिचं फळ उशिरा मिळतं. पण त्याच अभ्यासात एक दुसरी गोष्ट सापडली होती. ज्यांचा रक्तदाब कसून ताब्यात ठेवला त्यांच्यात पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. दोन्ही गटांच्या रक्तदाबातला फरक किती होता? वरचा आकडा १५४ ऐवजी १४४. फक्त दहा अंकांचा.

उलट बाजूही सांगतो. अमेरिका आणि कॅनडात दहा हजारांहून अधिक मधुमेहींवर एक प्रयोग झाला. अर्ध्या लोकांची साखर औषधांचा मारा करून अगदी निरोगी माणसासारखी करायची, असं ठरलं. फेब्रुवारी २००८ मध्ये तो भाग मध्येच थांबवावा लागला, कारण कडक उपचारांच्या गटात २५७ माणसं दगावली होती आणि साध्या गटात २०३. ज्यांचं वय झालंय, हृदय आधीच दुखावलंय, त्यांच्या साखरेला फार खाली दाबणं धोक्याचं ठरू शकतं. साखर एकदम उतरली की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी चाचणी असते, एचबीएवनसी, तिचा आकडा बहुतेकांसाठी सातच्या आसपास ठेवतात, पण वृद्धांसाठी आणि हृदयरोग्यांसाठी डॉक्टर थोडी सूट देतात. शेजाऱ्याचा सहा आहे म्हणून आपलाही सहा, ही चढाओढ नको.

मग कशानं वाचतं हृदय? डेन्मार्कमध्ये एका छोट्या अभ्यासानं हे दाखवलं. फक्त १६० मधुमेही. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू, आहार, चालणं या सगळ्यांवर एकाच वेळी काम. आठेक वर्षांत दुसऱ्या गटातले हृदयाचे आजार जवळजवळ निम्म्यावर आले. एकवीस वर्षांनी हिशेब केला तेव्हा ही माणसं पहिल्या गटापेक्षा सुमारे आठ वर्षं जास्त जगली होती. आठ वर्षं! एवढ्यात मुलीचं लग्न होतं, नातू शाळेत जायला लागतो.

रक्तदाबाचं आधीच बोललो. बहुतेक मधुमेहींनी तो १३०/८० च्या आत ठेवावा असं आज डॉक्टर सांगतात. तो मोजायला धावतपळत जाऊन लगेच हात पुढे करू नये, पाच मिनिटं पाठ टेकून बसावं. चहा किंवा विडी नुकतीच झाली असेल तर अर्धा तास थांबावं. आणि रक्तदाबाला डोकेदुखीची वाट पाहायची सवय नसते, तो गुपचूप असतो. मिठाचं म्हणाल तर दिवसाला चहाचा एक चमचा, पाच ग्रॅम, एवढी मर्यादा. आपण त्याच्या बरंच पुढे जातो, आणि ते मीठ वरून घेतलेलं नसतं. ते पापडात, लोणच्यात, फरसाणात, बेकरीच्या खारीत असतं. तुर्भे कोळीवाड्याच्या बाजूनं येणारी खारी मासळी माझ्याही जिवाची, पण ती मिठातच वाळवलेली.

कोलेस्टेरॉलच्या गोळीविषयी, म्हणजे स्टॅटिनविषयी, आपल्याकडे जेवढे गैरसमज आहेत तेवढे क्वचित दुसऱ्या औषधाविषयी असतील. अकिरा एन्डो या जपानी शास्त्रज्ञानं हजारो बुरश्या तपासून १९७३ मध्ये हा पदार्थ शोधला. ती बुरशी क्योटोच्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावर मिळाली होती. पुढे ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २८३८ मधुमेहींवर, ज्यांना हृदयविकार झालेलाच नव्हता अशांवर, ॲटोरव्हास्टॅटिनची १० मिलिग्रॅमची रोजची एक गोळी तपासली गेली. झटका, पक्षाघात अशा मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि फायदा इतका स्पष्ट होता की प्रयोग दोन वर्षं आधीच थांबवला. ते साल २००४. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक मधुमेहींना, रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल 'नॉर्मल' छापलेलं असलं तरी, डॉक्टर ही गोळी देतात. लोकांना वाटतं, उगाच दिली. स्नायू दुखू शकतात, क्वचित यकृताच्या चाचण्या वरखाली होतात. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगावं, ते मात्रा किंवा औषध बदलतात. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून सोडू नये. ज्यांना हृदयविकार झालाय त्यांचं एलडीएल आणखी खाली, ५५ पर्यंतसुद्धा आणतात.

याउलट ॲस्पिरिन. ती "रक्त पातळ करते" म्हणून पन्नाशीनंतर अनेकजण आपणहून घेतात. पंधरा हजारांवर मधुमेहींच्या, २०१८ साली आलेल्या अभ्यासात असं दिसलं की हृदयविकार नसलेल्यांना तिचा जो फायदा होतो, तो रक्तस्रावाच्या धोक्यानं बराचसा खाऊन टाकला जातो. ज्यांना झटका येऊन गेलाय किंवा स्टेंट बसवलाय त्यांची गोष्ट निराळी. त्यांनी ती कधीही स्वतःहून बंद करू नये.

तंबाखूविषयी बोलताना आपण विडी-सिगारेटवर थांबतो. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, ती किती पाळली जाते ते कुठल्याही पुलाच्या जिन्यावर बघावं. पण मशेरी? भाजलेली तंबाखू दाताला लावणाऱ्या आमच्या बायकांना विचारलं, "काही व्यसन?" तर त्या प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात. त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. बिनधुराची तंबाखूसुद्धा रक्तदाब वाढवते, नाडीची गती वाढवते. डॉक्टरांनी प्रश्नच "मशेरी लावता का?" असा विचारला पाहिजे.

आणखी एक चाचणी आहे, जी फारशी कुणी मागत नाही : लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन झिरपतंय का ते पाहणं. ही किडनीची चाचणी खरी, पण किडनीच्या केशवाहिन्या गळायला लागल्या म्हणजे साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराची हालत कळते. वर्षातून एकदा ती, सोबत क्रिएटिनिन आणि चरबीची चाचणी. ईसीजी कधी काढायचा ते डॉक्टर ठरवतील.

गेल्या दहा वर्षांत एक खरोखर नवी गोष्ट घडली. तिची सुरुवात एका वाईट बातमीनं झाली. रोसिग्लिटाझोन नावाच्या साखरेच्या औषधानं झटक्यांचं प्रमाण वाढतं की काय, अशी शंका २००७ मध्ये आली. भारतात त्यावर २०१० मध्ये बंदी आली. अमेरिकेच्या औषध खात्यानं २००८ पासून मधुमेहाच्या नव्या औषधांना हृदयासाठी सुरक्षित असल्याचा पुरावा मागायला सुरुवात केली. नुसता निर्दोषपणा सिद्ध करायला गेलेल्या औषधांपैकी एकानं, एम्पाग्लिफ्लोझिननं, २०१५ साली सगळ्यांना चकित केलं. आधीच हृदयविकार असलेल्या सात हजार मधुमेहींत हृदयविकारानं होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. हे औषध साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, सोबत मीठ-पाणीही, आणि थकलेल्या हृदयावरचा भार हलका होतो. त्याच्या कुळातला पहिला पदार्थ सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली काढलेला होता. दुसरा गट इंजेक्शनांचा आहे, भूक आणि वजन उतरवणारा. त्यातल्या काही औषधांनीही झटके आणि पक्षाघात कमी होतात असं सिद्ध झालंय.

मानखुर्दच्या माणसासाठी खरी बातमी किमतीची. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. त्याआधी साठेक रुपयांना मिळणारी एक गोळी अनेक कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. तेव्हा ज्यांना हृदयविकार, हृदयाचा अशक्तपणा किंवा किडनीचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारावं, "साखरेची जी गोळी मला देताय, ती हृदयासाठीही आहे का?" विचारण्यात संकोच नको. ही औषधं सगळ्यांना चालत नाहीत. लघवीच्या जागी बुरशी होऊ शकते, उलट्या-जुलाब किंवा उपासमार चालू असेल तेव्हा ती तात्पुरती थांबवावी लागतात.

याच कारणानं रमजानचा विषय काढतो. आमच्याकडे रोजे ठेवणाऱ्या मधुमेहींची संख्या मोठी, आणि औषध कसं घ्यायचं हे बरेचजण सहरीच्या वेळी आपसांत ठरवतात. ग्लिमेपिराइडसारखी साखर झपाट्यानं उतरवणारी गोळी नेहमीच्या वेळी घेतली आणि मग चौदा तास उपाशी राहिलं, तर दुपारी साखर कोसळू शकते. डॉक्टरांना रमजानच्या दीड-दोन महिने आधी भेटावं, ते मात्रा आणि वेळा बदलून देतात. रोजा असताना बोट टोचून साखर मोजल्यानं रोजा तुटत नाही. ती ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असं तज्ज्ञांचं सांगणं आहे. ज्यांना नुकताच झटका येऊन गेलाय त्यांना रोजा न ठेवण्याची सवलत धर्मानंच दिली आहे. नवरात्रात नऊ दिवस उपास करणाऱ्या आमच्या शेजारणींनाही मी हेच सांगतो. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याच्या वेफर्सवर काढलेला उपास साखरेला आणि रक्तदाबाला उपास वाटत नाही.

चालण्याविषयी शहरातले लेख बागेचं, समुद्रकिनाऱ्याचं चित्र काढतात. आमच्याकडे लिंक रोडवर अवजड गाड्या, एका बाजूला १९२७ पासूनची देवनारची कचराभूमी, गल्ली दोन हात रुंद. आणि धुरकट हवा हृदयाला घातकच असते, हेही आता पक्कं झालंय. हवा एकट्या माणसाला बदलता येत नाही, तिचं उत्तर महापालिकेनं द्यायचं आहे. तोवर पहाटे, वाहनं कमी असताना किंवा इमारतीच्या आवारात अर्धा तास झपझप चालावं, आठवड्यातले पाच दिवस. जेवणानंतर दहा मिनिटांची फेरी साखरेला खरोखर खाली आणते. ओझी उचलणाऱ्याला वाटतं आपला व्यायाम झाला. तो दम वेगळा, हा वेगळा.

तपासणीसाठी महापालिकेची आरोग्य केंद्रं आहेत, २०२२ पासून 'आपला दवाखाना' सुरू झाले आहेत. तिथे जाताना साखरेच्या चिठ्ठीसोबत बाकीच्या चिठ्ठ्याही न्याव्यात. एका कागदावर चालू औषधांची नावं लिहून तो पाकिटात ठेवावा.

आणि घरात मधुमेही माणूस असेल तर एक गोष्ट आजच ठरवून ठेवावी. त्याला अचानक घाम, धाप, मळमळ, जबड्यात किंवा पोटाच्या वर जडपणा वाटला तर सोडा-ओव्याच्या भानगडीत पडायचं नाही, १०८ ला फोन लावायचा आणि जिथे रात्रीही ईसीजी निघतो अशा दवाखान्यात न्यायचं. तो दवाखाना कोणता, हे आधीच चौकशी करून माहीत असावं. गुठळी विरघळवणारी औषधं किंवा धमनी उघडणारी शस्त्रक्रिया पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त स्नायू वाचवते. आमच्या गल्ल्यांत रुग्णवाहिका शिरत नाही, ती नाक्यावर थांबते. तिथवर माणसाला चालवत नेऊ नये. प्लॅस्टिकची खुर्ची घ्यावी, त्याला बसवावं आणि दोघांनी उचलून न्यावं.